पुरुषोत्तमची काठी

पडदा वर जातो. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका घराची मागची बाग, बागेच्या टोकाला लाकडी शेड, नोव्हेंबरातली दुपार. शेडमध्ये टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडात दोनशे वर्षांपूर्वीची पाच-सहा पिस्तुलं पोटं उघडी टाकून पडली आहेत. त्यांच्यामध्ये स्वेटरवर ॲप्रन बांधून बसला आहे माझा मित्र पुरुषोत्तम खांबेटे.

मी रंगमंचावर राजे केले, दारुडे केले, एकदा सासूसुद्धा केली. पण दिव्याखाली इतका शोभणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तो नट नव्हताच. ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. रिटायर झाल्यावर संग्राहकांची जुनी पिस्तुलं दुरुस्त करायचा. हौस म्हणून, फुकट. पिस्तूल हातात आलं की डोळे मिटून घोडा हळूच मागे ओढायचा. "दोनदा टिक व्हायला हवं. हे एकदाच बोलतंय," म्हणायचा आणि नेमकी झिजलेली खाच शोधून काढायचा.

त्याआधी मात्र काठी. पेन्सिलीहून बारीक, दाराशी टांगलेली. ती नळीत तळापर्यंत सोडायची, नळीच्या तोंडाशी चिमटीत धरायची आणि बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूला लावून बघायची. मागच्या टोकापर्यंत पोचली तर नळी रिकामी. कमी पडली तर आत बार भरलेला. "आधी काठी, मग चहा" हा त्याचा नियम. कुणालाही सूट नाही.

२००६ साली आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या तरुण मंडळींनी आमचं १९७९चं नाटक पुन्हा करायला घेतलं. मी माझा कोट दिला, माझी वही दिली आणि तेव्हा जुन्या बाजारातून विकत घेतलेलं, माळ्यावर पडलेलं खरंखुरं पिस्तूलही काढलं. शेवटच्या अंकात मी या पिस्तुलानं नायिकेला मारायचो. नायिका म्हणजे माझीच बायको, सुनेत्रा. सुरुवातीला विंगेत फळी आपटून आवाज काढायचे. मला ते पटेना. ठिणगी दिसली पाहिजे, असा मी हट्ट धरला. तेव्हा पडदा ओढायला येणाऱ्या पुरुषोत्तमनं चार रविवार खपून घोड्यात गारगोटी बसवली. ठिणग्या उडाल्या तेव्हा हॉलमधले लोक खुर्च्यांवरून उठले. तसे अकरा प्रयोग झाले. पुरुषोत्तमला पिस्तुलांचा नाद लागला तो तिथून.

आता घोड्याची कमान सैल झाली होती. मी पिस्तूल त्याच्यासमोर ठेवलं.

"अरे, हे तर माझं थोरलं लेकरू!" तो हरखला. "बस, नटवर्य. चहा टाकतो."

"आणि काठी?"

"याला कसली काठी? माझ्या हातचं आहे हे."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. नाटकी थाटात काठी उचलली, राजदंडासारखी फिरवली आणि नळीत सोडली. चिमटीत धरून बाहेर काढली, नळीला लावली.

काठी दोन बोटं कमी पडली.

"नीट घातली नाहीस," पुरुषोत्तम म्हणाला. त्यानं स्वतः घातली. दोन बोटं कमी. पुन्हा घातली. किटली शिट्टी मारत होती आणि आम्ही दोघंही उठत नव्हतो.

मग त्यानं भिंग घेतलं. ठिणगी आत जाण्यासाठी नळीला एक बारीक भोक असतं. त्यात जुनं मेण गच्च भरलेलं होतं. विकणाऱ्यानं कधीतरी पॉलिश केलं असावं.

"मेण," तो म्हणाला. "फक्त मेण होतं रे मध्ये."

अकरा वेळा. सुनेत्राच्या छातीपासून तीन हातांवर. 

त्यानं नळीत पाणी ओतून ती रात्रभर भिजत ठेवली, दुसऱ्या दिवशी गोळी बाहेर काढली आणि पिनरला आमच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला बाहेरच अडवलं. "पुरू, सत्तावीस वर्षं झाली. कशाला सांगतोस?"

"उद्या तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर या घरात कुठल्या तोंडानं जेवू?"

सुनेत्रा मटार सोलत होती. त्यानं गोळी बशीत ठेवली आणि सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. तिनं गोळी उचलून हातात तोलली. मग माझ्याकडे वळली.

"ठिणगी कुणी मागितली होती?"

मी मटाराची एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"भाऊजी, जेवून जा," ती म्हणाली. पण पुरुषोत्तमनं ताट तसंच ठेवलं. त्या दिवसापासून त्यानं लोकांची पिस्तुलं परत पाठवायला सुरुवात केली.

आमचं मात्र दुरुस्त करून दिलं. गारगोटी काढून तिथे लाकडाचा तुकडा बसवला होता.

एप्रिलमध्ये प्रयोग झाला. त्यानंतर तो नॉटिंगहॅमला मुलीकडे गेला आणि जूनमध्ये तिथेच वारला. म्हणून त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं विंगेतलं. तिसरा अंक सुरू व्हायचा होता. नायिका झालेली वैजयंती नऊवारी सावरत उभी होती. पुरुषोत्तम कुणालाही न विचारता आत आला. खिशातून काठी काढली, तिच्या डोळ्यांदेखत नळीत सोडली, बाहेर काढून लावून दाखवली. मग काठी तिच्याच हातात दिली. तिनं गोंधळून तसंच केलं. काठी पुरेपूर पोचली.

"बघितलंस ना स्वतः? रिकामी आहे," तो म्हणाला. "जा पोरी, आता खुशाल मर."