बर्फाच्या डोंगरावर चौथं कोण?

आमच्या स्वित्झर्लंडच्या सहलीतला चौथा सहप्रवासी लंडनच्या विमानतळावरच अडवला गेला. तो दगड होता.

पण दगडापाशी येण्याआधी प्लॅनिंगबद्दल सांगायला हवं, कारण प्लॅनिंग माझं होतं आणि ते उत्तम होतं. (मी आजही हेच म्हणते. मिलिंद काहीही म्हणो.) लोकांची प्रोजेक्ट्स वेळेत पुरी करून घेणं हा माझा नोकरीतला धंदा आणि नवऱ्याला, म्हणजे मिलिंदला, वेळेत घराबाहेर काढणं हा जोडधंदा. आम्ही तेव्हा लंडनच्या पिनर उपनगरात राहत होतो आणि माझ्या सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. लंडन त्यांना ठीकठाक वाटलं. राणीचा राजवाडा बघून त्या म्हणाल्या, "चांगला आहे, पण रंग द्यायला झाला नं आता." त्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे बर्फ.

"जन्म गेला नागपूरच्या उन्हात," त्या रोज चहाच्या वेळी म्हणायच्या. "एकदा हातात बर्फ घेऊन पाहायचा आहे बाप्पा. फ्रिजमधला नाही हं, आभाळातून पडलेला!"

आता सासूबाई आल्या होत्या एप्रिलात आणि जायच्या होत्या जूनमध्ये. या काळात पिनरच्या आभाळातून फक्त पाऊस पडतो, आणि तोही धड नाही. त्यात त्यांनी फोनवरून स्वतःला चांगलंच अडकवून घेतलं होतं. त्या नुकत्याच नव्या सोसायटीत राहायला गेल्या होत्या. तिथल्या बायकांशी ओळखी जेमतेम झालेल्या, आणि कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाचा ऑस्ट्रेलियात! त्या सगळ्यांना यांनी सांगून टाकलं होतं, "मी बर्फात उभी राहून फोटो काढून आणते." म्हणजे आता प्रश्न नुसत्या हौसेचा राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता.

"काळजी करू नका आई," मी जाहीर केलं. "शनिवारी स्वित्झर्लंडला जाऊ. पहाटेच्या विमानाने जायचं, डोंगरावर चढायचं, बर्फ बघायचा, संध्याकाळी परत!"

"स्वित्झर्लंड म्हणजे काय वॉटफर्ड आहे का?" मिलिंद म्हणाला.

"शेजारच्या वॉटफर्डला जायला तुला यापेक्षा जास्त वेळ लागतो. तू वाटेत रस्ता चुकतोस."

व्हिसाचे सोपस्कार मी उरकले. जिनिव्हापर्यंत विमान, मग ट्रेन, मग बस, मग केबल कार. केबल कारचेही दोन टप्पे. आधी मधलं स्टेशन, मग शिखर. कुठे किती वेळ, कुठे स्वच्छतागृह, कुठे दशम्या खायच्या, सगळं ठरलं. आईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली. मी त्यांच्यासाठी थर्मल घेतले, बूट घेतले आणि स्वतःसाठी एक लालभडक जॅकेट घेतलं. (फोटोत उठून दिसावं म्हणून. आदल्या आठवड्यात आरशासमोर पोझही ठरवली होती.) प्लॅनमध्ये भोक म्हणून नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आईंनी विचारलं, "म्हणजे आपण किती जण?"

"तिघं."

आईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "तिघं? अगं, तीन तिघाडा काम बिघाडा! चौथं कोण?"

"आई, मी फिजिक्सची पदवीधर आहे."

"असशील. मग चौथी गोष्ट म्हणून एक खडा तरी घे सोबत. माझ्या सासूबाई नेहमी घ्यायच्या."

मी वाद घातला नाही. मॅनेजर माणसाने कुठे वाद घालायचा आणि कुठे खडा घ्यायचा हे ओळखावं. फक्त पहाटे निघायच्या गडबडीत, अंधारात बागेत जाऊन खडा कोण शोधणार? मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही एक दगड लावून ठेवायचो, तो मी उचलला आणि पाठपिशवीत दशम्यांच्या डब्याशेजारी कोंबला. नारळाएवढा असेल. न्यायचाच तर चांगला न्यावा!

पिशवी मिलिंदच्या पाठीवर होती. "केवढ्या दशम्या केल्यास आई?" एवढंच तो गाडीत म्हणाला.

विमानतळावर पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून गेली, थांबली, मागे आली आणि पुन्हा आत गेली. मग एका उंच, गंभीर माणसाने ती बाजूला घेतली. पुढचं सगळं संभाषण इंग्रजीत झालं, पण अब्रू मराठीच गेली.

"ही पिशवी तुम्ही स्वतः भरलीत?"

"हो," मी ताठ मानेने म्हणाले.

"कुणी तुम्हाला यात काही घालायला सांगितलं?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "सासूबाईंनी सांगितलं," मी म्हणाले. मिलिंदने डोळे मिटून घेतले.

त्या माणसाने हातमोजे घालून दगड बाहेर काढला. "हे काय आहे?"

"दगड."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"आम्ही तिघं आहोत," मी म्हणाले.

तो पुढचं वाक्य ऐकायला थांबला. पण माझं उत्तर संपलं होतं! आपल्याकडे कुणालाही एवढ्यावर सगळं कळलं असतं. शेवटी मी त्याला आमची पद्धत समजावून सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, दगडाकडे पाहिलं, आमच्या बोर्डिंग पासांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वित्झर्लंडला निघालाय. तिथे दगड आहेत."

दगड जप्त झाला. नारळाएवढा दगड डोक्यात घालता येतो, असं त्याचं म्हणणं पडलं. (त्या क्षणी मिलिंदच्या चेहऱ्यावरून ते मलाही पटलं.)

आई मात्र जागच्या हलेनात.

"चला आई, विमान सुटेल!"

"सोबतच काढून घेतली. याहून मोठा अपशकुन कोणता? आता तर दगडानेही भागायचं नाही. जिवंत माणूसच पाहिजे."

"आई, हे बघ, माझ्या खिशात सुपारी..." मिलिंद खिसे चाचपू लागला. निघाली च्युइंगगम.

"च्युइंगगम घेऊन जाऊ का मी डोंगरावर?" आई म्हणाल्या, आणि एका बाकड्यावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचा भयंकर राग आला. एक सुपारी, एक साधा खडा खिशात टाकला असता तर ही वेळ आली नसती. शनिवार पुन्हा मिळणार नव्हता, व्हिसा पुन्हा मिळणार नव्हता आणि मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

"एक्स्क्यूज मी," मागून आवाज आला. "मी चालेन का?"

पांढऱ्या केसांच्या, सत्तरीच्या एक बाई रांगेत आमच्या मागेच होत्या आणि बुटांचे बंद बांधता बांधता त्यांनी दगडाची सगळी कथा ऐकली होती. त्यांचं नाव मार्गारेट. निवृत्त शिक्षिका, राहणार वॉटफर्ड. त्यांची मुलगी जिनिव्हाला नोकरी करायची आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावरच आईला भेटणार होती. तोवर दिवसभर तळ्याकाठी कॉफी पीत बसायचा त्यांचा बेत होता.

"म्हणजे मला मोकळा वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि दगडाची जागा घ्यायला मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं!"

मी आईंना समजावलं. आईंनी मार्गारेटना आपादमस्तक न्याहाळलं, जणू स्थळ बघायला आल्या होत्या. "विचार तिला, मधूनच तर नाही निघून जाणार? सोबत म्हणजे शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत," मार्गारेटनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

आई उठल्या. पर्समधली कुंकवाची डबी काढून त्यांनी तिथल्या तिथे मार्गारेटच्या कपाळावर बोट टेकवलं. दगडवाला साहेब लांबून हे बघत होता. आता तो दुसऱ्याची पिशवी तपासत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर माझा प्लॅन लोण्यातून सुरी फिरावी तसा चालला. विमान वेळेवर, ट्रेन वेळेवर, बस वेळेवर. मार्गारेटनी तीन दशम्या खाल्ल्या आणि चटणीने डोळ्यांतून पाणी काढत "डिलिशस" म्हणाल्या. आईंना इंग्रजी येत नव्हतं, मार्गारेटना मराठी येत नव्हतं, तरी दोघी ट्रेनमध्ये अखंड बोलत होत्या. मी भाषांतर करायला गेले तर आई म्हणाल्या, "तू कशाला मधे मधे करून राहिलीस? समजतं आम्हाला."

मग केबल कार आली.

मला उंचीची भीती वाटते हे मला तोवर माहीतच नव्हतं. कळणार तरी कसं? पिनरमध्ये उंच असं काही नाही. मी पुण्याची, सिंहगड शंभरदा चढलेली. पण सिंहगड चढताना पाय जमिनीवर असतात! इथे दार बंद झालं, पाळणा हलला आणि खालची जमीन निघून गेली. झाडं काड्यापेटीतल्या काड्यांएवढी झाली. मी मार्गारेटचा दंड धरला आणि रामरक्षा म्हणायला लागले. फिजिक्स त्या वेळी आठवलं नाही.

मधल्या स्टेशनवर मी उतरले, एका खांबाला मिठी मारली आणि जाहीर केलं, "मी यापुढे येणार नाही."

"अगं, शिखर अजून वर आहे," मिलिंद म्हणाला. "बर्फ तिथे आहे. इथे नुसता चिखल आहे."

"म्हणूनच येणार नाही. तुम्ही जा."

आईंनी बोटांवर मोजलं. त्या स्वतः, मिलिंद, मार्गारेट. त्यांचा चेहरा उतरला. "पुन्हा तिघंच!"

तिघंही माझ्याकडे बघू लागले. वरून ढग उतरत होते. पाळण्याजवळचा माणूस खुणा करत होता की यायचं तर आत्ता या, नंतर बंद होईल. मी एक पाऊल पुढे टाकलं. मग दोन पावलं मागे आले.

"मग मी थांबतो हिच्याजवळ," मिलिंद म्हणाला.

"दोघी?" आई मार्गारेटकडे वळल्या. दोन बोटं दाखवली, वर हात केला. मार्गारेटनी मान डोलावली. पण त्या तळ्याकाठी बसायच्या कपड्यांत आल्या होत्या, अंगात नुसता पातळ स्वेटर. तेव्हा माझं लालभडक जॅकेट काढून मी त्यांच्या अंगावर चढवलं, कॅमेरा आईंच्या गळ्यात अडकवला, आईंनी पिशवीतला दशम्यांचा रिकामा डबा उचलला आणि पाळण्याचं दार बंद झालं. दोन म्हाताऱ्या, एक नऊवारी विचारांची आणि एक वॉटफर्डची, ढगात दिसेनाशा झाल्या.

मी आणि मिलिंद कँटीनमध्ये बसून राहिलो. मी चारदा विचारलं, "आईंना इंग्रजी येत नाही रे, काय करतील?" पाचव्यांदा मिलिंद म्हणाला, "तुला येतं. तू काय केलंस?"

शेवटी पाळणा खाली आला. दार उघडलं आणि आधी हसणं ऐकू आलं. आईंच्या पदरावर, केसांवर, चष्म्यावर बर्फ. मार्गारेटचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलेलं. आई तरातरा माझ्याकडे आल्या आणि दशम्यांचा डबा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. झाकण उघडलं तर आत बर्फ होता.

"घे," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं जमवून आणलंस आणि तूच राहिलीस. लवकर हातात घे, वितळून जाईल."

मी हात बुडवला आणि मला रडू आलं, अगदी पोरीसारखं. मिलिंदनेही थोडा घेतला आणि माझ्या मानेवर टाकला. मग रडणं थांबलं.

फोटो फार सुंदर आले. निळं आभाळ क्षणभर उघडलं होतं म्हणे, आणि कुणा प्रवाशाने अगदी नेमका क्षण टिपला होता. पांढराशुभ्र बर्फ, मधे हसणाऱ्या आई आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून उभ्या लाल जॅकेटमधल्या मार्गारेट. आई मोठी प्रत घेऊन नागपूरला गेल्या आणि सोसायटीत त्यांची अब्रू शाबूत राहिली. नुसती शाबूत नाही, वाढली.

ती किती वाढली हे दिवाळीत आम्ही नागपूरला गेलो तेव्हा समजलं. फोटो दिवाणखान्यात, देवघराशेजारी फ्रेम करून लावलेला. फराळाला सोसायटीच्या सहा-सात बायका आलेल्या. त्यातल्या एकीने फोटोकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाली, "काकू, सून मात्र फार प्रेमळ मिळाली हो तुम्हाला. गोरी आहे, थोडं वय दिसतं, पण सासूला किती जीव लावते!"

मी चकलीसकट थिजले. मी आईंकडे पाहिलं. आई चिवड्यातले शेंगदाणे निवडण्यात गर्क झाल्या.

"आणि या कोण?" दुसरीने माझ्याकडे बोट दाखवत हळूच विचारलं.

आईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "ही ना? हिनेच त्या ट्रिपचं सगळं प्लॅनिंग केलं होतं."

"अच्छा, ट्रॅव्हल्सवाल्या का!" दोघी-तिघींनी लगेच खुर्च्या माझ्याकडे ओढल्या. त्यांना काश्मीरला जायचं होतं.

नाही, मी गैरसमज दूर केला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. फराळाच्या ताटल्या उचलेपर्यंत मी त्यांना श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, सगळं आखून दिलं होतं, आणि गुलमर्गला पाळण्यात बसायला मुळीच घाबरायचं नाही, असंही बजावून सांगितलं होतं!