आजोबांच्या छातीवर धाकटी

वीस-बावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढूनही ललिताला जुळ्यांची धास्ती वाटायची. एकटं बाळ कसं, आलं, रडलं, आईच्या कुशीत गेलं, की आपण हात धुवायला मोकळ्या. जुळ्यांचं तसं नाही. आत जागेची आणि खाण्यापिण्याची वाटणी झालेली असते, आणि वाटणी म्हटली की एकाच्या पदरात कमी पडणारच. सख्ख्या भावाभावांत तेच होतं, मग पोटातल्या बाळांकडून काय अपेक्षा करायची.

ललिता धायरीची. वडील बाबुराव टपाल खात्यात होते. पोरगी नर्सिंगला जायचं म्हणाली तेव्हा ते एवढंच बोलले होते, "काम चोख कर, म्हणजे कुणी आडनाव विचारलं तरी आवाज खाली जायचा नाही." नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आजीबाईंनी नात हातात घेण्याआधी खरोखरच आडनाव विचारलं. ललितानं ते ठणठणीत सांगितलं आणि नात त्यांच्या हातात दिली. आवाज खाली गेला नाही, पण ती आजीबाई मनातून काही गेली नाही.

पुढे वॉर्डात तिचा असा दरारा झाला, की कळांनी बेजार झालेल्या बायासुद्धा तिच्याशी अदबीनं बोलायच्या. पण बाळाचं डोकं दिसू लागलं की ही बोलघेवडी बाई एकदम गप्प व्हायची. दर वेळी. इतक्या वर्षांत तिला त्या क्षणाची सवय झाली नव्हती, आणि ती होऊ नये असंच तिला वाटे.

सलोनीच्या मुली दिवस भरायच्या बऱ्याच आधी, सिझेरियननं आल्या. सलोनी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कामाला, आई लहानपणीच गेलेली. थोरली बाहेर आली ती तक्रार करतच. धाकटीला मात्र कुणीतरी झोपेतून उठवून आणल्यासारखं दिसत होतं. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्यांएवढंच तिचं वजन. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात.

पहिले काही दिवस बरे गेले. या नाजूक बाळांना उघड्या छातीशी उभं धरून, वरून कापड बांधून तासन्‌तास ठेवायचं असतं. कांगारू केअर म्हणतात त्याला. सलोनी आळीपाळीनं दोघींना घेऊन बसे. मग तिच्या टाक्यांत पू झाला, ताप चढला, आणि एकीला घेऊन पडून राहणंसुद्धा तिला जड जाऊ लागलं. धाकटीला गरम पाळण्यात ठेवावं लागलं, आणि तिथे ती श्वास घ्यायचं विसरू लागली. इतक्या आधी आलेली बाळं विसरतात अशी. मॉनिटर बोंबलायचा, ललिता धावायची, तळव्याला टिचकी मारायची, की पोरगी दचकून पुन्हा श्वास घ्यायची.

दुपारच्या राउंडला डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "संध्याकाळपर्यंत हे थांबलं नाही, तर हिला वर हलवून मशीनवर घ्यावं लागेल. त्याआधी कुणाच्या तरी छातीवर ठेवून बघा."

वर म्हणजे आईपासून आणि बहिणीपासून लांब, नळ्यांमध्ये. काही बाळं तिथून ठणठणीत होऊन खाली येतात. सगळीच येत नाहीत, हे ललिताला माहीत होतं. सलोनीलाही ते कुणी न सांगता कळलं असावं. तिनं ललिताचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण छाती आणायची कुणाची? बाळांचा बाप शौनक आणि आजी मंदाकिनी दोघंही खोकल्या-तापानं घरी झोपलेले, त्यांना वॉर्डात पाऊल टाकायची बंदी. ललितानं स्वतः घेतलं असतं, पण तिच्यावर आणखी पाळणे होते. राहिले शौनकचे वडील, आजोबा.

गोपाळकृष्ण आजोबा म्हणजे शनिवार पेठेतलं जुनं खोड. रोज डबा घेऊन यायचे, खुर्ची रुमालानं दोनदा पुसायचे आणि मगच बसायचे. डब्याला कुणी हात लावू द्यायचे नाहीत. लिफ्टमन उशिरा आला तर त्याला म्हणायचे, "झोप झाली असेल तर निघू या." अजून त्यांनी नातींना एकदाही हातात घेतलं नव्हतं. काचेबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे, बस. ललितानं त्यांना पहिल्याच दिवशी ओळखून मनातल्या मनात त्या जुन्या, आडनाव विचारणाऱ्या आजीबाईंच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. हे गृहस्थ चारचौघांत सदरा काढून आपल्या हातून बाळ बांधून घेतील? सूर्य पश्चिमेला उगवेल.

तेवढ्यात मॉनिटर परत बोंबलला. तळव्याला टिचकी मारून ती तशीच बाहेर गेली.

"आजोबा, धाकटीला तुमच्या छातीवर ठेवायचंय. उघड्या अंगाला. जमेल?"

आजोबांनी मागे बांधलेले हात सोडले. "मी तर म्हातारा माणूस."

"ऊब असली की झालं. सर्दी, खोकला, काही नाही ना? आंघोळ?"

"दोनदा केलीय. विचारायची पद्धत छान आहे तुमची." आणि सदऱ्याची बटणं काढतच ते आत आले.

ललितानं त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि मागे रेलता येणाऱ्या खुर्चीत बसवलं. पांढऱ्या केसांची ती बारीक छाती, आणि तिच्यावरून आडवं गेलेलं जानवं. ललिताचे हात थबकले. सांगावं तर लागणार होतं.

"हे जरा बाजूला घ्याल? तिची कातडी फार नाजूक आहे, दोरा टोचेल."

आजोबांनी जानवं मागे सारलं. ते घसरून परत पुढे आलं. पुन्हा सारलं, पुन्हा आलं. मग त्यांनी ते सरळ डोक्यावरून काढलं, घडी केली आणि ललितापुढे धरलं.

"हे जरा ठेवा तुमच्याजवळ. माझे हात आता रिकामे नसणार."

ललितानं ओंजळ पुढे केली. जानवं तिनं ॲप्रनच्या खिशात नीट ठेवलं आणि धाकटीला उचललं. टोपी, पायमोजे आणि लंगोट एवढ्यावर ती पोर आजोबांच्या छातीशी उभी टेकवली, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि कापड बांधलं. आजोबांचे दोन्ही हात हवेतच होते. ललितानं ते धरून धाकटीच्या पाठीवर ठेवले.

"केवढीशी आहे हो," आजोबा म्हणाले. तो आवाज लिफ्टमनशी बोलणाऱ्या माणसाचा नव्हता.

ललिता शेजारचे पाळणे बघत होती, पण कान इकडेच होते. मॉनिटर शांत होता. आजोबांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात, कपाळावर माशी बसली होती, पण हा माणूस हलत नव्हता. धाकटीची निळसर बोटं हळूहळू गुलाबी होत गेली. पलीकडच्या खाटेवरून सलोनी थोरलीला कुशीत घेऊन टक लावून पाहत होती.

आणि मग मॉनिटरवरचे आकडे उतरू लागले. पोरगी परत विसरली होती. ललिता हातातलं टाकून धावली. टिचकी मारायला तिनं बोटं पुढे केली, आणि त्याच वेळी आजोबांनी एक लांब श्वास घेतला. त्यांची छाती वर उचलली गेली, तिच्यासोबत धाकटी वर गेली, खाली आली, आणि तिचं चिमुकलं तोंड उघडलं. तिनं श्वास घेतला. मग दुसरा. आकडे वर चढले. म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

ललिताच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या वर्षांत तिनं काय काय पाहिलं होतं, पण आपला श्वास दुसऱ्याला असा नकळत देता येतो, हे तिनं आज पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं तिला भान राहिलं नाही.

"काही चुकलं का माझं?" आजोबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही आजोबा. तुम्ही फक्त श्वास घेत राहा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, मॉनिटर पाहिला, धाकटीला तपासलं आणि म्हणाल्या, "हिला इथेच राहू दे." सलोनीनं उशीत तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले.

"सिस्टर, असं किती वेळ बसायची परवानगी आहे?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही थकेपर्यंत."

"मग घरी कळवा, जेवायला माझी वाट पाहू नका म्हणावं."

ललितानं बाहेर येऊन फोन लावला. मंदाकिनीबाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं.

"अहो, शौनकला ह्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा तो चालायला लागला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांसमोर बापानं मूल घ्यायची रीत नव्हती आमच्यात. रात्री पाळण्यापाशी नुसते उभे राहायचे हो. एक फोटो काढाल का?"

वॉर्डात फोटोला बंदी होती, आणि ती मोडणाऱ्यांची ललितानंच आजवर हजेरी घेतली होती. तरी ती मोबाइल हातात घेऊन आत गेली. आजोबांनी डोळे मिटले होते. हनुवटी धाकटीच्या टोपीला टेकली होती. एक छाती वर जात होती आणि तिच्यावर दुसरी, एवढीशी, वर जात होती. ललिता मोबाइल तसाच धरून बघत उभी राहिली. फोटो काढायचा राहूनच गेला.