काचेला आवतन

जगातले बाकी सगळे लोक काचेतून पाहतात. काचेकडे पाहणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मोहगावजवळ मामाजींची संत्र्याची बाग आहे. गेल्या वर्षी त्यांनी जुनीच पण धडधाकट गाडी घेतली आणि श्रावणात पांढुर्ण्याला जाऊन तिच्या काचांना बाहेरच्या अंगाने ऊन अडवणारी फिल्म बसवून आणली, अगदी नियमात बसणारी, फिकट. बसवणाऱ्याने निघताना सहज सांगितले, "आठवडाभर काचा खाली करू नका, सुकू द्या." आपण हे कोणाला सांगतो आहोत याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना! मामाजींनी जन्मभर मिरच्या आणि तुरी वाळवल्या आहेत. सकाळी गाडीची एक कूस उगवतीकडे, दुपारनंतर गाडी फिरवून दुसरी कूस मावळतीकडे. आभाळ भरून आले की हे अंगणात येरझाऱ्या घालणार. फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे राहिले होते. ते आपोआप जातात, असे दुकानातच सांगितलेले. तरी मामाजी रोज वाकून त्यांची विचारपूस करत आणि "लहान होऊन राहिला" असे समाधानाने म्हणून चहाला बसत.

त्याच आठवड्यात सौंसरच्या चौकात एका पोलिसाने काच खाली करा अशी खूण केली. मी शेजारी बसलो होतो. मामाजींनी गाडी शिस्तीत बाजूला लावली, दार उघडून उतरले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मीच खाली आलो. काच सुकून राहिली." पोलीस इतका गांगरला की कागद पाहायचे विसरून त्याने गाडीलाच रामराम केला.

आठवडा संपला आणि पुसण्याचे पर्व सुरू झाले. रद्दीचा कागद वर्ज्य. नाकाला झोंबणारी द्रावणे वेशीबाहेर. पाण्यात नावापुरता सौम्य साबण, आणि फडके म्हणाल तर मामींच्या जुन्या सुती लुगड्याचेच, तेही आधी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलेले. गालाला टोचले तर काचेला नाही. "माह्या अंगावर होतं तवा या लुगड्याकडं पाहिलं नाही कधी," असे मामी म्हणायच्या, पण फडके तयार ठेवायच्या. प्रवासात माझे हाल कुत्रा खात नसे. जरा डुलकी लागली की, "जवाईबापू, डोकं इकडं घ्या जी. काचेले तेल लागून राहिलं." सौंसर ते पांढुर्णा मी लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखा ताठ बसून जात असे आणि घरी आल्यावर बायकोकडे तिच्या मामाची मनसोक्त निंदा करत असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मोहगावला गेलो, तेव्हा मामी मला चुलीपाशी बसवून हळूच म्हणाल्या, "हिऱ्या गेला तवापासून यायनं त्याचं नाव नाही काढलं. रडले नाही, बोलले नाही. नुस्ते काच पुसून राहिले." हिऱ्या त्यांचा शेवटचा बैल. उन्हाळ्यात म्हातारा होऊन गेला. मामाजींनी गोठा धुऊन काढला आणि तिथेच गाडी लावू लागले. मला एकदम आठवले, हिऱ्याच्या मानेवरच्या जुवाखाली घालायची गादीही ते अशीच आधी गालावर घासून पाहत. त्या दिवशी पहिल्यांदा मला मामाजींचे हसू आले नाही.

आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने शेकून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतन द्यायचे असते. मामी सवयीने वाटी आणि पळसाचे पान घेऊन गोठ्यात गेल्या आणि गाडीसमोर थबकल्या. "खांदशेकणी चुकवू नाही म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण आता खांदा कोठून आणू?" मामाजी काच पुसत होते. त्यांनी फडके खांद्यावर टाकले, मामींच्या हातून वाटी घेतली आणि पानाने सगळे लोणी नुकत्याच लख्ख केलेल्या काचेच्या कोपऱ्यावर चोळले. "आज आवतन घे, हिऱ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले ये." मग आमच्याकडे पाठ करून त्यांनी खांद्यावरचे फडके स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवले. मामी डोळे पुसत होत्या, पण चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला आणि शेजाऱ्याचा झुलीतला बैल दारात आला. मामी पुरणपोळी आणायला आत वळल्या. गाडी मामाजींनी सकाळीच गोठ्यातून काढून अंगणात लावली होती. बैलाने मान वळवली, काच हुंगली आणि आपल्या खरखरीत जिभेने ते लोणी चाटायला सुरुवात केली. शेजारी घाबरून दोर ओढायला धावला.

"नोको ओढू रे," मामाजी म्हणाले. "आपणच तं बोलावलं होतं."

त्या कोपऱ्यावर आता बारीक चरे आहेत. फिल्म बदलून घ्या, असे मी एकदा सुचवून पाहिले. मामाजींनी ऐकलेच नाही. बाकीच्या काचा पुसून झाल्या की ते शेवटी त्या कोपऱ्यापाशी येतात आणि तिथे फडके अगदी हलक्या हाताने फिरवतात. मी हल्ली मुद्दाम त्याच काचेशी बसतो. बाहेरच्या संत्र्याच्या बागा तिथून थोड्या पुसट दिसतात. कधी डुलकी लागून माझे डोके तिला टेकते, आणि मामाजी काही बोलत नाहीत.