शिस्तीत वाढलेला पॉइन्सेटिया

मुलांनो, तुमच्या आजीच्या हातून एक झाड निव्वळ शिस्तीमुळे बिघडलं.

झालं असं. दसऱ्याला इराने फोनवर मला पॉइन्सेटियाची गोष्ट सांगितली. मेक्सिकोतल्या एका गरीब मुलीकडे नाताळला चर्चमध्ये न्यायला काहीच नव्हतं. तिने रस्त्याकडेचं तण नेलं, आणि त्याची पानं लालभडक झाली. तेच पॉइन्सेटियाचं झाड!

"आजी, तुझ्याकडे आहे ना ते झाड? सुट्टी लागण्याआधी माझ्या वर्गाला व्हिडिओवर दाखवशील?"

"लालभडक दाखवीन," मी म्हणाले. (इथेच थांबायला हवं होतं.) "आजीचा शब्द आहे!"

इराने दुसऱ्याच दिवशी तो शब्द सगळ्या वर्गात जाहीर केला.

मी रीतसर इंग्रजी पुस्तक काढलं. पानं लाल व्हायला दोन-अडीच महिने रोज चौदा तास ठार अंधार हवा. म्हणून संध्याकाळी पाच ते सकाळी आठ कुंडी कोठीच्या खोलीत! खिडकीला काळं कापड, दाराला कडी.

"अगं, माझा चष्मा आत राहिलाय!" तुमचे आजोबा दाराबाहेरून म्हणाले.

"सकाळी आठला मिळेल."

"आणि पेपर?"

"तोही आठलाच वाचा."

नोव्हेंबर संपला. झाड हिरवं. डिसेंबर अर्धा सरला. झाड आणखी हिरवं! आजोबा रोज कुंडीभोवती फेरी मारून म्हणत, "लाल न्हाई, पण तब्येत लय झकास हाय."

वर्गाला झाड दाखवायच्या आदल्या दिवशी आजोबांचा देवगाव फाट्यावरून फोन. "अगं, इथं चहाच्या हॉटेलामागं तुझं झाड उभंय. माझ्यापेक्षा उंच. नुसतं पेटलंय!"

मी आपल्या सेलूहून रिक्षा करून गेले. खरंच! हॉटेलवाल्याला विचारलं, "काय करता हो याला?"

"काय करायचंय काकू? कपबशा धुतलेलं पाणी टाकतो. दिवस मावळला की दुकान बंद. मागं लाईट न्हाई."

घरी येऊन कोठीची खोली तपासली. कुंडीच्या जागेशेजारी फरशीवर तेलाचा गोल डाग! आपल्याकडे इतकी वर्षं स्वयंपाक करणाऱ्या पारूबाईला हाक मारली.

"पारू, इथे दिवा लावत होतीस?"

"व्हय बाई. रोज सांजच्याला, झाडाला चिटकून. दहापर्यंत जळायचा, मंग मी उचलायची."

"आणि दाराची कडी?"

"काढायची, दिवा लावायचा, पुन्ना घालायची. तुमी म्हनला व्हता ना, दार उघडं टाकू नको."

"पण दिवा लावायला कुणी सांगितलं?"

पारूने मला स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर माझंच वेळापत्रक! (तिला वाचायलाही मीच शिकवलं.) ओळीवर बोट ठेवून तिने खणखणीत वाचलं, "कार्तिक-मार्गशीर्ष. रोज साडेसहाला प्रत्येक खोलीत दिवा. तेल भरपूर घालणे. अपवाद नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉटेलामागून फोन लावला. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. "आजी, केवढं मोठं! किती काळजी घेतलीस गं!" इरा ओरडली. माझ्या मागे हॉटेलवाला बादली घेऊन उभा होता. मी फोन हळूच झाडाच्या शेंड्याकडे वळवला.

तर इरा, तुझ्या बाईंना खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. आपल्या घरात यंदा एकच गोष्ट लालभडक होती: वेळापत्रकात "अपवाद नाही"च्या खाली मी स्वतः मारलेली शाईची रेघ.