पिवळ्या रेषेअलीकडचा कन्सल्टंट

नील, सई,

परवा फोनवर नीलने सांगितलं की त्याला एका कन्सल्टिंग कंपनीत नोकरी लागली. मी विचारलं, "परीक्षा कोणती द्यावी लागली?" तो म्हणाला, "कसलीच नाही, आजी. प्रेझेंटेशन दिलं." तेव्हापासून आमच्या बसची गोष्ट डोक्यात घोळते आहे. नील रुजू होण्याआधी ती त्याला कळलेली बरी, म्हणून आज लिहायला बसले.

चौक गावाजवळच्या एका सॉसच्या कारखान्यात मी पर्सोनेल मॅनेजर होते. म्हणजे माणसं नेमणं, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं आणि त्यांची बस. एका सकाळी गेटवरून आमचा वॉचमन ठोंबरे याचा फोन आला.

"मॅडम, एक सायेब आलेत. कंपनीत काम करायचंय म्हणतात. लायसन नाय."

"कसलं काम?"

"त्येच समजंना. वेल्डर नाय, वायरमन नाय. आमाला सगळ्यांना सुधारनार म्हणतात."

आमच्याकडे नियम होता. बाहेरून येऊन आत काम करणाऱ्याने आपला परवाना दाखवायचा. वायरमनला लायसन लागतं, बॉयलर चालवणाऱ्याला सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट, कँटीनच्या आचाऱ्यालासुद्धा डॉक्टरांचा दाखला. हे साहेब मॅनेजमेंट कन्सल्टंट होते, म्हणजे कारखाना कसा चालवावा हे फी घेऊन सांगणारे. त्यांना कायद्याने काहीच लागत नव्हतं. व्हिजिटिंग कार्ड मात्र चांगलं जाड होतं. आमच्या एमडींना ते कुठल्याशा लग्नात भेटले होते.

परवाना नाही, तर व्हिजिटर पास. व्हिजिटरने आवारातली पिवळी रेष ओलांडायची नाही.

"आत जायचं असेल तर एक दिवसाचं सेफ्टी ट्रेनिंग आहे," मी म्हटलं. "ते केलंत की पास बदलून देते."

"गरज नाही मॅडम. मी बिग पिक्चर बघतो."

ते बिग पिक्चर त्यांनी तीन आठवडे व्हिजिटर रूमच्या खिडकीतून बघितलं. चहा आत जायचा, रिकामे कप बाहेर यायचे. मग मीटिंग झाली. पडद्यावर आमच्या बसचा फोटो आला.

"कशेळ्याची लेडीज बस रोज रिकामी येते. ती बंद करावी."

"रिकामी येत नाही," मी म्हटलं. "बायका मागच्या गेटला उतरतात. पॅकिंग शेड तिकडे आहे. कपडे बदलून, हात धुऊनच आत जायचं असतं. त्यांना सोडून बस मग इकडे मेन गेटला येते."

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. हा डेटा आहे."

एमडी माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना फी दिली आहे हो आपण." पुढच्या महिन्यापासून बस बंद, असं ठरलं.

पॅकिंगच्या मंगलला मी ते सांगितलं. ती आतल्या गावातून कशेळ्यापर्यंत चालत येऊन ही बस धरायची.

"मंग जीपनं कर्जत, तिथनं दुसरी जीप. शिफ्टला पोचायचीच नाय मी. नोकरी सोडा म्हना की सरळ." जराशाने तिने विचारलं, "त्या खिडकीतल्या भावोजींनी ठरवलं व्हय गं मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला सांगितलं, आज बस आधी मेन गेटला आण. एमडींना व्हिजिटर रूममध्ये चहाला बोलावलं. कन्सल्टंट तिथे होतेच. बस खिडकीसमोर थांबली आणि बायका उतरू लागल्या. उतरतच राहिल्या. डबे, पिशव्या, पाठीमागून ढकलाढकली. मंगल सगळ्यांच्या शेवटी उतरली, काचेशी वाकली आणि म्हणाली, "सायेब, आता काढा की फोटो. भरलेली हाय."

एमडींनी कन्सल्टंटकडे बघितलं. ते जराही डगमगले नाहीत.

"बघितलंत सर? माझा रिपोर्ट येऊन दोन दिवस नाही झाले, आणि ऑक्युपन्सी कुठल्या कुठे गेली."

बस बंद करायचं रद्द झालं. पण पुढे खोपोलीच्या एका मैत्रिणीने मला त्यांचं माहितीपत्रक दाखवलं. त्यात आमची बस होती. खाली लिहिलं होतं, रिकामी धावणारी बस पूर्ण भरून दाखवली.

ते वाचून एमडी भडकले. "ह्यांची तक्रार कुठे करायची?"

"कुठेच नाही, सर."

बॉयलरवाल्याने हयगय केली तर त्याचं सर्टिफिकेट रद्द होतं. ह्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही नव्हतंच. कन्सल्टंटसाठीही आपल्याकडे रीतसर सर्टिफिकेट आहे. त्याला काही वर्षांचा अनुभव लागतो, जुन्या क्लायंटची ग्वाही लागते, मुलाखत होते, आचारसंहितेवर सही करावी लागते आणि ती मोडली तर ते काढून घेतात. पण ते ऐच्छिक आहे. ज्याला ते सर्वांत जास्त गरजेचं, तो त्याच्या वाटेला जात नाही.

एमडींनी मग गेटचा नियम कन्सल्टंटनाही लावला. पुढचे गृहस्थ फ्रेम केलेलं सर्टिफिकेट घेऊनच आले. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं.

मी विचारलं, "तुम्ही चुकीचं वागलात तर हे कोण काढून घेईल?"

"काढून कसं घेतील? पैसे भरलेत मी."

त्यांना मी व्हिजिटर पास दिला.

तेव्हा नील, सर्टिफिकेट घे, पण हातातून जाऊ शकेल असं घे. जे जाऊ शकत नाही ते भिंतीवर टांगायला ठीक.

ते एमडी आता तिथे नाहीत, मीही घरी आहे. कशेळ्याची बस चालू आहे. मंगल तिनेच कामावर जाते, आणि बस अजूनही आधी मागच्या गेटलाच थांबते.