रविवारची दांडी

देवळात ऐकलेला उपदेश घरी पोचेपर्यंत निम्मा सांडतो. पण देवळाच्या दारात, चपला शोधता शोधता जे कानावर पडतं, त्यातलं अक्षरही सांडत नाही! माझ्याकडं असलं इतकं साठलंय की बायको म्हणते, "तुमच्या डोक्यात वचनं कमी आन् चपलांजवळच्या गप्पाच जास्त!"

खोटं नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावात चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो. आयुष्यभर बसवर कंडक्टर होतो. रिटायर झालो आणि या देवळाच्या दारात उभा राहिलो. गीतांची पुस्तकं द्यायची, घंटा मारायची, कोण आलं, कोण नाही ते बघायचं. काम तेच, फक्त तिकीट नाही!

* * *

नवीन पाळकसाहेब आले ते तरुण, बेळगावात वाढलेले, घड्याळाचे पक्के. पहिल्याच रविवारी झग्यासकट दारात आले.

"काका, आठ वाजून गेले. घंटा का नाही झाली?"

मी रस्त्याकडं बोट केलं. उसाच्या कडेकडेनं दोन बायका पदर सावरत पळत येत होत्या.

"साहेब, लांबनं हात दाखवलाय त्यांनी! सोडून कसं जायचं?"

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. पण तेव्हापासनं आमची उपासना सगळे चढल्यावरच सुटते.

* * *

आमच्यात सगळ्यात नियमाचा माणूस म्हणजे योहानआप्पा. ताप असो, लग्न असो, रविवारी इस्त्रीचं धोतर नेसून दुसऱ्या बाकावर हजर. शेजारच्या जागेवर मात्र ते रुमाल टाकून ठेवायचे, बसमध्ये टाकतात तसा. कुणी बसायला लागलं की म्हणायचे, "हितं माणूस हाय."

माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, शिमोनअण्णा. टेम्पो चालवतो. कोरोनाच्या दिवसांत यांची आई गेली तेव्हा तो माल घेऊन पुण्याकडं गेला होता. परतताना राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली. तिथनं फोन करत होता, "दादा, थांब, मी आलोच!" पण ते दिवसच तसले, चार माणसांत लगेच उरका म्हणायचे. आप्पांनी उरकलं. शिमोनअण्णा पोचला तेव्हा माती टाकून झाली होती.

तो तिथंच म्हणाला, "मला आईचं तोंड दाखवलं न्हाईस. तू बसतोस त्या देवळात मी पाऊल ठेवणार न्हाय!" आणि ठेवलं नाही. नाताळलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आप्पांना हृदयाचं दुखणं सांगितलं. त्यानंतर आप्पांचं एकच पालुपद. "डोळं मिटायच्या आधी शिमोन देवळात माझ्या शेजारी बसाय पायजे. दुसरं काय मागत न्हाय मी."

* * *

रविवारी देवळाला खरी टक्कर असते ती मटणाच्या दुकानाची. शमुवेलनं त्यावर तोड काढली. सकाळी दुकानासमोरच्या रांगेत पिशवी ठेवायची आणि देवळात येऊन बसायचं. माणसांपेक्षा पिशव्याच जास्त असतात त्या रांगेत!

एकदा ऐन उपदेशात त्याच्या खिशातला मोबाईल थरथरला. दुकानदाराचा मिस्ड कॉल, म्हणजे नंबर आला. शमुवेल मान खाली घालून, वाकून, बाकांमधनं सरकायला लागला. उपदेश थांबला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आता बसतंय बोलणं!

पाळकसाहेब व्यासपीठावरनं शांतपणे म्हणाले, "शमुवेल, जाताय तर मागची निळी पिशवी आमची आहे. तेवढी पुढं सरकवा."

* * *

विजय शेतकरी. तो येत नाही म्हणून पाळकसाहेब घरी गेले.

"साहेब, माझा काय दोष? आमच्या मोटरीचा करंट नेमका रविवारी सकाळी येतोय. ऊस वाळवू व्हय?"

साहेबांनी तिथंच डोळे मिटले आणि करंटची वेळ बदलावी म्हणून मनापासनं प्रार्थना केली. विजयच्या आईनं मोठ्यानं आमेन म्हटलं, त्यामुळं विजयलाही म्हणावं लागलं.

आणि बदलली की वेळ! पुढच्या रविवारी विजय देवळात हजर. साहेब खूश. पण पहिलं गीत संपायच्या आत विजय घोरायला लागला, तो आशीर्वादापर्यंत. दारात साहेबांनी विचारलं, "अहो, हे काय?"

विजय लाल डोळ्यांनी म्हणाला, "तुमचीच प्रार्थना! रातपाळी लागली मला!"

* * *

एकदा धारवाडकडचे मोठे साहेब पाहुणे आले. कन्नडमध्ये बोलले. आम्हाला भाषांतर लागत नाही, बाजारात रोज तेच बोलतो. विषय होता, उपासना चुकवू नका. पाऊण तास टेबलावर मुठी आपटत होते. उपासना चुकवणारा चुलीबाहेर पडून विझलेला निखारा आहे, कळपातनं भरकटलेलं मेंढरू आहे. समोर बसलेले आम्ही, एकही रविवार न चुकवणारे, माना खाली घालून ऐकतोय!

दारात त्यांनी मार्थाक्काला विचारलं, उपदेश कसा झाला? मार्थाक्का आमच्यातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ.

"लई चांगला. पर साहेब, न येणाऱ्यांच्या शिव्या कायम आमीच खातोय. एकदा त्यांच्या दारात मांडव घाला की!"

मोठ्या साहेबांना हातातल्या चहाचा ठसका लागला.

* * *

आणि एका रविवारी योहानआप्पा आले नाहीत!

मी घंटेची दोरी धरून रस्त्याकडं बघत राहिलो. शेवटी मारली घंटा. दुसरा बाक रिकामा. उपासनेत कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळ्यांच्या मनात एकच, आप्पा गेले की काय. आशीर्वाद झाल्या झाल्या मी त्यांच्या घरी पळालो.

आप्पा घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. इस्त्रीचं धोतर, भांग पाडलेला, हातात गीतांचं पुस्तक.

"आप्पा, बरं न्हाय काय?"

"बरा हाय की."

"मग देवळाला?"

"मी असतोय म्हणून त्यो येत न्हाय. माझं काय, मी हितं बसूनबी प्रार्थना करीन. त्याचं देऊळ माझ्यापायी सुटलंय रं. मी न्हाय गेलो तर येईल तरी." मग माझा दंड धरून म्हणाले, "त्याला सांगू नको."

मला गलबलून आलं. पण बातमी पोटात ठेवायची सवय मला कधीच नव्हती. संध्याकाळी स्टँडवर शिमोनअण्णा भेटला, त्याला सगळं सांगितलं.  तो टेम्पोची काच पुसत राहिला, स्वच्छ होती तरी.

पुढच्या रविवारी आप्पा नव्हतेच. दुसरं गीत चाललं होतं आणि दारात सावली पडली. शिमोनअण्णा! केस ओले, नवा शर्ट, घडी मोडलेली नाही. मी पुस्तक पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून दुसऱ्या बाकाकडं बघत राहिला. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून बारीक झाले.

"खरंच आला न्हाय त्यो?" त्यानं मला विचारलं.

"न्हाय."

त्यानं चप्पल अडकवली आणि चालायला लागला.

मला वाटलं, झालं, गेला तो कायमचा. पाळकसाहेबांनी कशीबशी उपासना आटोपली, झगासुद्धा न काढता माझ्याबरोबर निघाले. आप्पांच्या गल्लीत शिरतोय तोच शिमोनअण्णाचा आवाज ऐकू आला. आख्खी गल्ली दारात उभी.  आप्पांचं हृदय तसलं, आणि हा ओरडतोय!

आत गेलो तर शिमोनअण्णा सोप्यावर उभा, रडून तोंड लाल, एका हातात आप्पांची काठी, दुसऱ्या हातात त्यांची चप्पल.

"आईनं हेच शिकीवलं व्हय तुला? चांगला धडधाकट बसलाईस आन् उपासनेला दांडी मारतोस? लाज वाटत न्हाय? उठ! उठ म्हणतो न्हवं!"

आप्पा त्याच्याकडं बघतच राहिले होते. पाळकसाहेबांचा झगा दिसला तसे हळूच म्हणाले, "शिमोन, संपली की रं उपासना."

शिमोनअण्णा आमच्याकडं गर्रकन वळला.

"कुणी संपीवली? आमी यायच्या आधी?"

मी जमिनीकडं बघितलं. पाळकसाहेब पुढं झाले, आप्पांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि म्हणाले,

"नाही संपली. चला."