रिकामं आलेलं उत्तर

वयाने सगळ्यांत मोठी म्हणून ऑफिसात तिला ताई म्हणत. एका दवाखान्यासाठी तिने प्रोग्राम लिहिला होता. प्रयोगशाळेतून रक्ताचा रिपोर्ट आला, की बाहेरच्या पडद्यावर पेशंटच्या नंबरापुढे आपोआप ‘तयार’ उमटायचं. तोवर ‘तपासणी चालू’.

एका नंबरापुढे सकाळपासून ‘तपासणी चालू’च आहे, अशी वॉर्डातून तक्रार आली, तेव्हा ती स्वतःच बघायला गेली. पडद्यासमोरच्या बाकावर त्या नंबराची चिठ्ठी घेऊन एक आजोबा बसले होते.

“खिडकीवर विचारलंत का?”

“चालू आहे म्हणतोय ना तो. उगीच कशाला लुडबुड करायची?”

तिने आत चौकशी केली. नमुना सकाळीच खराब झाला होता. प्रयोगशाळेने उत्तरही पाठवलं होतं, फक्त त्यात आकडा नव्हता. आणि पडदा बिघडू नये म्हणून प्रोग्राममधली एक ओळ अशी रिकामी उत्तरं वाटेतच गाळून टाकत होती.

“आजोबा, रक्त पुन्हा द्यावं लागेल. हे सकाळीच कळायला हवं होतं.”

आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, “पुन्हा लागलं तर, म्हणून आमच्या हिला उपाशी ठेवलंय मी. वरच्या मजल्यावर आहे ती.”

ऑफिसात परतल्यावर तिने ती ओळ काढायचं ठरवलं. दवाखान्याच्या साहेबांना ते पटेना. “रिकामं दाखवलं तर लोक घाबरतील.”

“घाबरू देत. पण येणारच नाही त्याची वाट तरी बघणार नाहीत.”

वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. ‘अजून आलं नाही’, ‘आलं’ आणि ‘आलं, पण रिकामं’ या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायच्या होत्या. शिवाय दुसरा नमुना दिल्यावर पहिल्याचं रिकामं उत्तर उशिरा टपकलं, तर ते नव्या उत्तराच्या जागी येऊन बसायचं. म्हणून नवा नमुना आला की जुन्याकडे कान द्यायचा नाही, अशी सोय तिने केली.

आता पडद्यावर ‘नमुना पुन्हा द्या’ असंही येतं. खिडकीवरची बाई मात्र तिच्यावर फुगलेली असते. “तुमच्यामुळे सगळे माझ्या डोक्यावर येऊन बसतात,” ती म्हणते.

“माझ्यामुळेच,” ताई म्हणते, आणि खिडकीवर आणखी एक माणूस द्या, असं साहेबांना पुन्हा एकदा सांगायला जाते.